मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

ज्या घरचा एक तरी मुलगा, सून, लेक वा जांवई अमेरिकेंत नाहीं, असें घर महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत शोधून काढणें आज थोडें कठीणच झालें आहे. पूर्वीं चुलत्यांचें बिऱ्हाड मुंबईस व आपलें पुण्यास असलें म्हणजे घर दोन ठिकाणीं झालें असें म्हणत; आतां तेंच घर न्यू जर्सी, टेक्सस व कॅलिफोर्निया अशा तीन दिशांस पांगलेलें असतें, आणि तरीहि देवघर एकच असतें. अशा घरांत ‘न्यूयॉर्क येथून किती लांब आहे?’ हा प्रश्न केवळ भूगोलाचा उरत नाहीं. त्याचें उत्तर मात्र ज्याला विचारावें तो निराळें देतो. शाळेंत जाणारा नातू किलोमीटर सांगतो, मुलगा तास सांगतो, आणि आजी म्हणते, ‘रात्रीं निघाला आणि सकाळीं पोहोंचला, म्हणजे फारसें लांब नसावें.’ तिघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें आहे. तीं तिन्ही उत्तरें एकमेकांशीं कशीं जुळतात, हें या लेखांत पाहण्याचा आमचा विचार आहे. कारण तीं आधीं जुळवून न ठेवल्यामुळें ऐन वेळीं पुष्कळ कुटुंबांची तारांबळ उडते, असें आमच्या पाहण्यांत आहे.

प्रथम अंतर घेऊं. मुंबईचा छत्रपति शिवाजी महाराज विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन केनेडी विमानतळ यांमधील सर्वांत जवळचें अंतर सुमारें साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे पावणेआठ हजार मैलांहून थोडेंसें अधिक आहे. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटर धरला, तर हा प्रवास पृथ्वीप्रदक्षिणेचा जवळजवळ तिसरा हिस्सा भरतो. परंतु हें ‘सर्वांत जवळचें’ अंतर कोणत्या वाटेनें मोजावयाचें, येथेंच बहुतेकांची फसगत होते. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई व न्यूयॉर्क यांना पट्टीनें जोडलें, तर रेघ अरबस्थान, तांबडा समुद्र, ईजिप्त व सहाराचें वाळवंट यांवरून जाऊन अटलांटिक महासागरांत उतरते. ती रेघ सरळ दिसते खरी. पण त्या वाटेनें गेल्यास सुमारें सोळा-सतराशे किलोमीटर अधिक तुडवावे लागतील!

ज्यांच्या घरीं मुलांचा पृथ्वीचा गोल असेल, त्यांनीं एक दोरा घेऊन पुढील प्रयोग अवश्य करून पाहावा. दोऱ्याचें एक टोंक मुंबईवर व दुसरें न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणावा. तो आपोआप उत्तरेकडे सरकेल. मुंबईहून निघून तो कच्छच्या रणावरून सिंध व बलुचिस्तान ओलांडील, कंदाहारजवळून तुर्कमेनिस्तानांत शिरेल, कॅस्पियन व अरल या दोन समुद्रांमधून पार होऊन रशियांत व्होल्गा नदीवर येईल, आणि मॉस्को व सेंट पीटर्सबर्ग या शहरांच्या अगदीं जवळून फिनलंड, स्वीडन व नॉर्वे यांच्यावरून जाईल. पुढें आइसलंड बेट, ग्रीनलंडचें दक्षिण टोंक, कॅनडांतील लॅब्राडोर, आणि मग मेन प्रांतावरून खालीं न्यूयॉर्क! ज्या दोन शहरांपैकीं एकांत आपण घामानें भिजतों आणि दुसऱ्यांत हिंवाळ्याशिवाय बर्फ पडत नाहीं, त्यांना जोडणारी जवळची वाट उत्तरध्रुववृत्ताच्या खालीं अवघ्या दोन अंशांवरून जाते, हें प्रथम ऐकतांना कोणासहि नवल वाटावें. परंतु नवल कांहीं नाहीं. पृथ्वी गोल आहे व नकाशा सपाट आहे, एवढीच त्यांतली गोम. मर्केटर नांवाच्या नकाशाकारानें १५६९ सालीं जी पद्धति बसविली, ती नावाड्यांस दिशा दाखविण्यास फार सोयीची, पण तींत ध्रुवांकडचा मुलूख ताणून अवाढव्य केलेला असतो. तोच नकाशा शाळाशाळांतून लागला आणि पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्यावरून अंतरें मनांत धरीत आलों.

याच दोऱ्यानें आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती प्रवाशाच्या खरोखर उपयोगाची आहे. मुंबईहून लंडन व लंडनहून न्यूयॉर्क अशीं दोन अंतरें मोजून त्यांची बेरीज केली, तर ती सुमारें पावणेतेरा हजार किलोमीटर येते. म्हणजे लंडनचा वळसा हा उणापुरा दोनशे किलोमीटरांचा. दुबईवरून गेलें तरी चारशेंच्या आसपासच वाढ होते. विमानाच्या वेगानें दोनशे किलोमीटर म्हणजे पाव घटकेचें काम नव्हे तरी पाव तासाचें खास आहे. तेव्हां ‘मध्यें थांबणारें विमान लांबून जातें म्हणून उशिरा पोहोंचतें’ हा समज चुकीचा होय. उशीर लागतो तो उतरण्याचा, तपासणीचा, पुढच्या विमानाची वाट पाहण्याचा. आकाशांतली वाट जवळपास तेवढीच असते.

आतां वेळ. मोठें प्रवासी विमान वर गेल्यावर ताशीं सुमारें नऊशे किलोमीटर वेगानें चालतें. साडेबारा हजारांस नऊशेंनीं भागलें तर चौदा तास येतात. परंतु मुंबईहून न थांबतां न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानास साधारणपणें साडेपंधरा ते सोळा तास लागतात, आणि परत येणारें विमान चौदा-साडेचौदा तासांत येतें. जाणें व येणें यांत हा दीड तासाचा फरक कां पडावा? आमच्या एका स्नेह्यांनीं यावर अशी उपपत्ति सांगितली कीं, पृथ्वी विमानाखालून फिरत असल्यामुळें एका दिशेस गांव समोर येतें व दुसऱ्या दिशेस दूर पळतें. उपपत्ति गोड आहे. पण खरी मानली, तर चालत्या आगगाडींत उडी मारणारें पोर मागल्या डब्यांत जाऊन पडावयास हवें! पृथ्वीबरोबर तिचें वातावरणहि फिरतें, आणि विमान त्या वातावरणांतूनच पोहत असतें.

खरें कारण वारा हें आहे. तीस ते चाळीस हजार फूट उंचीवर, जेथून हीं विमानें जातात, तेथें पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हवेचे अरुंद व वेगवान प्रवाह असतात. हिंवाळ्यांत त्यांचा जोर वाढतो. ताशीं दोनशे किलोमीटर हा वेग त्यांस कांहींच नाहीं. अमेरिकेहून येणारें विमान त्या प्रवाहावर स्वार होतें, जाणाऱ्या विमानास तो छातीवर घ्यावा लागतो. या प्रवाहाचा प्रताप केवढा, तें ९ फेब्रुवारी २०२० रोजीं दिसून आलें. त्या दिवशीं वादळी वाऱ्याच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचें एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोंचलें. एरव्हीं या प्रवासास साडेसहा-सात तास लागतात. विमान तेंच, अंतर तेंच. दीड-दोन तास वाऱ्यानें वांचविले. याशिवाय वेळापत्रकांत छापलेला वेळ हा उड्डाणाचा नसून विमान धक्क्यापासून हललें तेव्हांपासून पलीकडे धक्क्याला लागेपर्यंतचा असतो. धांवपट्टीवर रांगेंत उभें राहणें, हळूहळू वर चढणें, उतरण्यापूर्वीं घिरट्या घालणें, हें सर्व त्यांत आलें. मुंबईच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळीं वापरतां येत नाहींत. त्यामुळें तेथें रांग नेहमींचीच.

विमानासहि एक संसार संभाळावा लागतो, तो इंधनाचा. एवढ्या लांबच्या प्रवासास लाख लिटरहून अधिक इंधन घेऊन निघावें लागतें, आणि त्यांतील बराचसा भाग उरलेलें इंधन वाहून नेण्यांतच खर्ची पडतो. म्हणून वैमानिक केवळ जवळची वाट पाहत नाहीं, तर कमी वाऱ्याची वाट पाहतो. दोऱ्यानें दाखविलेल्या वाटेपासून तो शेंकडों किलोमीटर बाजूला जाईल, पण त्यांत त्याचा वेळ व इंधन दोन्ही वांचत असतात.

कधीं कधीं वाट सोडण्याचें कारण वारा नसून माणूस असतो. दोऱ्याच्या वाटेवर कोणकोणते देश लागले, तें वाचकांनीं पाहिलेंच आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजीं पाकिस्ताननें आपलें आकाश बंद केलें, तें जुलैच्या मध्यापर्यंत पूर्णपणें खुलें झालें नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें युक्रेनवर रशियाची स्वारी झाली. त्यानंतर अमेरिकन कंपन्यांच्या विमानांस रशियावरून जाण्याची बंदी झाली आणि न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कहून मुंबईस थेट येणारी एक अमेरिकन सेवा त्यापायीं थांबली. पुढें एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें भारतीय विमानांस पुन्हां आपलें आकाश बंद केलें. त्या वेळीं दिल्लीहून अमेरिकेस जाणाऱ्या विमानांस फार मोठा वळसा पडला, आणि कांहींना इंधनासाठीं युरोपांत उतरणें भाग झालें. मुंबईस त्या मानानें झळ कमी लागली, कारण मुंबईच्या पश्चिमेस समुद्र मोकळा आहे. ही समुद्राची कृपा! तात्पर्य, गेल्या वर्षीं मुलगा किती तासांत आला, त्यावरून यंदाचा हिशेब करूं नये. निघण्यापूर्वीं त्या आठवड्यांतील विमानांचा प्रत्यक्ष वेळ पाहावा.

हे तास मोजतांना मागल्या पिढ्यांचे दिवस आठवल्याशिवाय राहत नाहींत. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्यें कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या व ४ जून १८८३ रोजीं न्यूयॉर्कला पोहोंचल्या. म्हणजे वाटेंतच सुमारें आठ आठवडे गेले. अठरा वर्षांच्या त्या मुलीबरोबर घरचें एकहि माणूस नव्हतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन एक लहानसें विमान मुंबईच्या जुहूच्या मैदानावर आणून उतरविलें. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गानें लंडनला निघालें. १४ मे १९६० रोजीं एअर इंडियाची न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, अर्थात्‌ वाटेंत मुक्काम करीत. आणि १ ऑगस्ट २००७ पासून तिचें विमान मुंबईहून न्यूयॉर्कला मध्यें कोठेंहि न उतरतां जाऊं लागलें. ती सेवा मध्यंतरीं कधीं बंद तर कधीं चालू अशी राहून फेब्रुवारी २०२३ मध्यें पुन्हां सुरू झाली. आठ आठवड्यांचे सोळा तास होण्यास सव्वाशें वर्षें पुरलीं.

आजीच्या उत्तराकडे आतां वळूं. हिंवाळ्यांत न्यूयॉर्कचें घड्याळ आपल्यामागें साडेदहा तास असतें, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारापासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारापर्यंत तेथें घड्याळें एक तास पुढें करीत असल्यामुळें हा फरक साडेनऊ तासांचा होतो. हिंवाळ्यांत मुंबईहून रात्रीं दीड वाजतां निघालेलें विमान सोळा तास उडून तेथें पोहोंचतें तेव्हां मुंबईंत संध्याकाळचे साडेपांच झालेले असतात. न्यूयॉर्कांत मात्र त्याच तारखेची सकाळ, सात वाजलेले! घड्याळाप्रमाणें प्रवास साडेपांच तासांचा. उलट, न्यूयॉर्कहून दुपारीं बाराला निघालेलें विमान साडेचौदा तास उडून मुंबईस दुसऱ्या दिवशीं दुपारीं एकला लागतें. म्हणजे घड्याळाप्रमाणें पंचवीस तास. जातांना जे तास फुकट मिळाल्यासारखे वाटतात, ते येतांना व्याजाशिवाय परत द्यावे लागतात, इतकेंच. विमानतळावर माणूस आणावयास जाणाऱ्यांनीं तिकिटावरील तारीख म्हणूनच दोनदां वाचावी. तिकिटावर छापलेला वेळ नेहमीं त्या त्या गांवचा असतो.

वेळेच्या या घोळाला मुंबईकर नवखे नाहींत. १९०६ सालीं सरकारनें हिंदुस्थानभर एकच प्रमाणवेळ लागू केली, तरी मुंबई शहरानें तिच्याहून एकुणचाळीस मिनिटें मागें असलेला आपला ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत सोडला नाहीं. एकाच शहरांत दोन घड्याळें पाहून सभेस व गाडीस जाणारी पिढी अजून अगदींच विस्मृतींत गेलेली नाहीं.

घड्याळ निदान तारीख तरी बदलून देतें; तिथीचें काय? हा प्रश्न अनेक घरांतून टेलिफोनवर विचारला जातो, व उत्तर देतांना इकडचे वडीलहि अडखळतात. तिथि सुरू होण्याचा व संपण्याचा क्षण सबंध पृथ्वीवर एकच असतो. बदलतो तो सूर्योदय. समजा, एकादशी भारतीय वेळेप्रमाणें सोमवारीं दुपारीं चारला लागली व मंगळवारीं दुपारीं दोनला संपली. मुंबईंत मंगळवारच्या सूर्योदयास एकादशी आहे, म्हणून उपवास मंगळवारीं. न्यूयॉर्कांत सोमवारीं सकाळीं सातला सूर्य उगवतो तेव्हां येथें सोमवारचे साडेपांच वाजून गेलेले असतात, म्हणजे एकादशी लागलेली असते. आणि तेथील मंगळवारच्या सूर्योदयापर्यंत ती संपूनहि जाते. म्हणून तेथें उपवास सोमवारीं. तेव्हां सुनेनें एक दिवस आधीं उपवास केला म्हणून तिला चुकली असें म्हणण्यापूर्वीं तेथील स्थानाचें पंचांग पाहिलेलें बरें.

हें झालें घड्याळाचें. प्रत्यक्ष देहाला जे तास काढावे लागतात, ते याहूनहि निराळे. पुण्याचें एक कुटुंब धरूं. घरून मुंबईच्या विमानतळापर्यंत चार तास, उड्डाणापूर्वीं तीन तास आधीं हजेरी, सोळा तास विमान, पलीकडे परवान्याची तपासणी व सामान यांत दीड-दोन तास, आणि मुलाच्या घरापर्यंत तास-दीड तास. बेरीज साडेपंचवीस ते साडेसव्वीस तासांची. न्यूयॉर्कहून पुढें दुसऱ्या शहरास जावयाचें असेल, तर अमेरिकेंत जेथें प्रथम उतराल तेथेंच सामान ताब्यांत घेऊन पुन्हां द्यावें लागतें, त्याला आणखी वेळ धरावा. अबु धाबीवरून जाणाऱ्यांची अमेरिकन तपासणी २०१४ पासून अबु धाबीसच होते. ही सोय चांगली, पण मग तेथील मुक्काम अपुरा ठेवून चालत नाहीं. दोन निराळीं तिकिटें काढून चार पैसे वांचविण्याचा मोह वृद्ध मातापित्यांच्या बाबतींत तरी आवरावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. तिकीट एकच असलें म्हणजे पहिलें विमान चुकल्यास पुढची व्यवस्था कंपनीच्या गळ्यांत पडते. दोन असलीं म्हणजे ती आजोबांच्या गळ्यांत पडते.

विमानांतली हवा समुद्रसपाटीची नसते. सहा ते आठ हजार फुटांवर जेवढा हवेचा दाब असतो, साधारण तेवढा आंत राखलेला असतो. म्हणजे सोळा तास सिमल्यास बसून काढल्यासारखें होतें, आणि हवा सिमल्याहून पुष्कळ कोरडी. हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनीं डॉक्टरांस विचारूनच निघावें. चार तासांहून अधिक एका जागीं बसल्यानें पायांतील शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, म्हणून मधून मधून उठून चालावें, पाणी पीत राहावें. मधुमेहाच्या इन्सुलिनची कुपी तळच्या सामानांत टाकूं नये, कारण तेथें ती गोठूं शकते. ती हातच्या पिशवींत ठेवावी. आणि औषधाची वेळ कोणत्या घड्याळाप्रमाणें पाळावयाची, तें डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावें. चाकांची खुर्ची तिकीट काढतांनाच मागून ठेवावी. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

शेवटीं ज्या प्रसंगासाठीं हा सारा हिशेब खरोखर लागतो, त्याविषयीं बोलणें भाग आहे. घरांतील वडील मनुष्य अत्यवस्थ होतें व न्यू जर्सींत टेलिफोन वाजतो. मुलगा प्रथम थेट विमान शोधतो, कारण तें साडेचौदा तासांत पोहोंचवितें. पण तें नुकतेंच सुटून गेलें असेल व पुढचें वीस तासांनीं असेल, तर तो चौतीस-पस्तीस तासांनीं मुंबईंत उतरेल. उलट, पांच तासांनीं दुबईमार्गें सुटणारें विमान साडेबारा तास, तेथें तीन तास मुक्काम व पुढें तीन तास असें धरून साडेतेवीस तासांत मुंबईस आणील. घाईच्या वेळीं अधिक जलद जाणारें विमान न पाहतां आधीं पोहोंचणारें विमान पाहावें, हें त्या गोंधळांत कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. मुंबईहून पुण्याचे चार तास त्यांत मिळविले, तिकीट मिळविण्याचा वेळ धरला, कीं टेलिफोनपासून उंबरठ्यापर्यंत तीस तास हा ठोकळ आंकडा निघतो.

कागदपत्रांचें अंतर याखेरीज. अमेरिकेचें नागरिकत्व घेतलेल्या मुलापाशीं प्रवासी भारतीयांचें कार्ड नसेल, तर त्याला आधीं व्हिसा मिळवावा लागतो. आणि नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्या, पण पारपत्रावरील शिक्क्याची मुदत संपलेल्या मुलाला इकडे येतां येतें; मात्र परत जाण्यापूर्वीं येथील अमेरिकन वकिलातींत नवा शिक्का घ्यावा लागतो, व तो कधीं मिळेल याचा नेम नसतो. अशा मुलाच्या मनांत त्या रात्रीं काय चालतें, तें येथील माणसांनीं ध्यानांत घ्यावें. तो आला नाहीं तर त्याला बोल लावण्यापूर्वीं शिक्क्याची चौकशी करावी.

तीस तास थांबावयाचें कीं नाहीं, हें मात्र येथील घरानें ठरवावयाचें असतें. थांबावें तर देह शीतगृहांत ठेवावा लागतो, आणि कित्येक वृद्धांना तें नको असतें. कित्येकांना थोरल्याचा हात लागल्याशिवाय जाणें नको असतें. कोणती इच्छा बरोबर, हें आम्ही सांगणार नाहीं. परंतु ज्यांची इच्छा, ते धडधाकट असतांना त्यांना विचारण्यास संकोच कसला? आमच्या ओळखीच्या एका घरांत आजोबांनींच हा विषय जेवतांना काढला. ‘माझ्यासाठीं कोणीं थांबूं नये, धाकटा येथें आहे, तो करील. थोरल्यानें दहाव्यापर्यंत सावकाश यावें,’ असें सांगून त्यांनीं ताक मागितलें. सून रडली, पण थोरल्याला तें त्याच रात्रीं कळविण्यांत आलें, आणि पुढें दोन वर्षांनीं तो प्रसंग आला तेव्हां त्यानें मिळेल त्या विमानाच्या मागें न लागतां दुसऱ्या दिवशींचें थेट विमान धरलें.